आठ वाजताचा वारा

ऑफिसात मला हवाबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येतं, माझे कान अजून शाबूत आहेत. नाव काही वाईट नाही. काम हवेचंच आहे, आणि डोक्यातही हवा भरपूर होती, हे आता मीच कबूल करते.

आधी काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शहराची हवा बिघडली की कुणाला जबाबदार धरायचं हे ठरवायला पुरावा लागतो, आणि धुराला काही कुणाचं नाव चिकटवलेलं नसतं. म्हणून आम्ही कम्प्युटरमध्ये अख्खं शहर बसवतो. कुठे कुठली चिमणी, तिची उंची किती, तिच्यातून तासाला धूळ किती निघते, त्या त्या तासाला वारा कुठून कुठे आणि किती जोरात. मग कम्प्युटर सांगतो, अमक्या जागी माणसाच्या श्वासात जाणाऱ्या धुळीत कुणाचा वाटा किती. याला मॉडेल म्हणतात. सव्वीस वर्षं मी हेच करतेय. माझ्या मॉडेलमुळे दोन कारखान्यांनी चिमण्या उंच केल्या, एका रस्त्यावर ट्रक बंद झाले, आणि एका म्हाताऱ्या माणसाची भट्टी बंद पडली. ही त्या भट्टीची गोष्ट आहे. सांगताना मला लाज वाटणार आहे. वाटू दे, तेवढी माझी लायकी आहे.

सुरुवात केली आमच्या नणंदबाईंनी. माझी नणंद एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण बोलायला लागली की मोठमोठ्यांची बोलती बंद.

"वहिनी, हजेरी घेताना नाव पुकारलं की पोरं 'हजर' म्हणत नाहीत गं, खोकतात," ती म्हणाली. "तू एवढी हवेतली तज्ज्ञ, आणि घरच्याच शाळेत हा उजेड!"

मग काय, मी पदर खोचला. शाळेच्या गच्चीवर आमचं मीटर बसवलं. खरोखरच धूळ मर्यादेच्या दुप्पट होती, आणि तीही सकाळी, शाळा भरायच्या वेळेला सगळ्यात जास्त. शाळा उतारावर आहे. वर टेकडीच्या पायथ्याशी काचेचा कारखाना. खाली नदीच्या अंगाला जुनी वस्ती आणि वस्तीच्या टोकाला ओतारीकाकांची भट्टी. पितळ वितळवून नळाच्या तोट्या ओतायच्या, एवढंच त्यांचं काम. सहा माणसं हाताखाली. भट्टी पेटायची पहाटे पाचला आणि अकराच्या आत थंड व्हायची, कारण नंतर तिथे उभं राहवत नाही.

मी मॉडेल चालवलं. उत्तर आलं ते ठणठणीत होतं. सकाळी आठला शाळेत जी धूळ येते, त्यातली शंभरात चौसष्ट भट्टीची. नकाशावर भट्टीपासून शाळेपर्यंत एक लाल जीभ लांबच लांब निघालेली. पडताळा म्हणून मॉडेलची दिवसाची सरासरी मीटरच्या सरासरीशी लावून पाहिली. जुळली. तासातासाचं ताडून पाहायला हवं होतं. ते मी नव्यांना ओरडून ओरडून शिकवते. पण म्हटलं, सव्वीस वर्षं झाली, मला कोण शिकवणार.

मग सुनावणी झाली. मोठा हॉल, समोर तीन अधिकारी, मागे शाळेचे पालक, वस्तीतली माणसं, शे-सव्वाशे जण सहज असतील. भिंतीवर माझा नकाशा. मी बोलले आणि छान बोलले. मग अधिकाऱ्यांनी ओतारीकाकांना विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का.

ते उठले. सत्तरीकडे झुकलेले, हातांवर भाजल्याचे जुने डाग. धुतलेला शर्ट घालून आले होते.

"बाई, तुमचं चित्र झकास आहे," ते म्हणाले. "पण सकाळी वारा वरनं खाली येतो. माझा धूर नदीकडे जातो. उलट वरचा धूर माझ्या तोंडावर येतो, म्हणून तर मी पहाटेपासून फडकं बांधून उभा असतो. दुपारी फिरतो वारा. चाळीस वर्षं मी त्याच जागी उभा आहे."

आता एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? "पाहते" म्हणाली असती. एका वाक्याचा प्रश्न होता. पण मला राग आला. माझ्या नकाशाला हा माणूस फडक्याचा पुरावा दाखवतो!

"काका," मी माइकमध्ये म्हणाले, "तुमच्याकडे वेगळा वारा येतो वाटतं. एकदा सरकारी वाऱ्याशी त्याची ओळख तरी करून द्या."

हॉल हसला. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी थांबलेच नाही.

काका अजून उभे होते. "माझी नात आहे हो त्या शाळेत," ते म्हणाले. "दुसरीत आहे. तिला दम लागतो. मी कशाला..."

"मग तर तुम्हालाच जास्त कळायला हवं," मी म्हणाले. "तुमच्याच नातीच्या छातीत तुमचीच धूळ जातेय. शंभरातली चौसष्ट."

या वेळी कुणी हसलं नाही. काका खाली बसले. नंतर त्यांना पुन्हा विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. त्याच दुपारी भट्टी बंद करण्याचा आदेश निघाला, त्यावर शिक्का बसला. जिन्यात साहेबांनी माझं कौतुक केलं. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, माणूस बरा, पण फाइलीच्या बाहेर न बघणारा. ते म्हणाले, ही केस आता बाकीच्या शहरांना दाखवू, मॉडेलवरून कारवाई कशी करावी याचा नमुना म्हणून. तीन दिवसांचं ट्रेनिंग ठरलं. शिकवणार कोण? अर्थात हवाबाई.

पाच महिने मी त्या हवेत होते. मग एका रविवारी नणंद घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "वहिनी, खोकला काही कमी झाला नाही गं. तुझ्या मीटरचा आकडाही तिथेच आहे."

"मीटर बिघडलं असेल," मी म्हणाले.

"मीटर गेलं खड्ड्यात. माझ्या नाकाचं मीटर ठीक आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला? सकाळी फाटकाशी उभी राहते ना मी, तोच वास, तीच धूळ. भट्टी बंद होऊन पाच महिने झाले, मग ही चौसष्ट टक्के धूळ येते कुठून? आकाशातून पडते?"

मी तिच्यावर खेकसले. चहा तिला माझ्या नवऱ्यानंच करून दिला. पण नंतरच्या बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेलेले असताना, मी ती जुनी हवामानाची फाइल उघडली. ही फाइल बाहेरून येते, तासातासाचा वारा आणि तापमान असतं तिच्यात. मी नेहमी वाऱ्याचा रकाना बघते. त्या दिवशी सहज नजर तापमानाच्या रकान्यावर गेली.

दिवसातला सगळ्यात गरम तास होता सकाळचा नऊ. आणि सगळ्यात गार तास, मध्यरात्रीचा बारा.

सकाळी नऊला ऊन डोक्यावर? दुसरीतलं पोरही सांगेल की असं होत नाही. माझ्या पायाखालची वाळू सरकली. ती फाइल जागतिक घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. फाइल आली की साडेपाच तास सरकवून घ्यायची, ही या धंद्यातली पहिली गोष्ट. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. मी ती सरकवली नव्हती. म्हणजे माझ्या मॉडेलमध्ये सकाळी आठ वाजता जो वारा वाहत होता, तो खरा दुपारी दीडचा होता. नदीकडून वर चढणारा. भट्टीवरून शाळेकडे जाणारा.

फाइल सरकवली. मॉडेल पुन्हा चालवलं. वारा टेकडीवरून खाली उतरला, आणि लाल जीभ निघाली काचेच्या कारखान्यातून. शंभरातले अठ्ठावन्न त्यांचे. भट्टीचा वाटा तीन. तोही सकाळी वारा कधीमधी फिरतो त्या दिवसांचा. मी तीन वेळा चालवलं. दर वेळी वाटायचं की आता तरी काही वेगळं येईल. यंत्र बिचारं तेच तेच सांगत राहिलं.

आता इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, चूक कुणाच्या हातून होत नाही? होते. त्याची लाज एक दिवस वाटली असती आणि संपली असती. पण मी ती फाइल बंद केली आणि एकोणीस दिवस मूग गिळून बसले.

एकोणीस दिवस. मोजलेत मी. स्वतःला कारणं काय काय दिली ते सांगते. ट्रेनिंग तोंडावर आलंय. भट्टी जुनीच होती, आज ना उद्या बंद झालीच असती. काचेच्या कारखान्याचं पुढच्या वर्षीच्या तपासणीत आपोआप निघेल, मग कुणाला बोलायला नको. म्हातारा माणूस, एव्हाना आराम करत असेल. हे शेवटचं मी खरंच मनात म्हटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं कुणी नुसतं "मॅडम, ती शाळेची केस..." म्हटलं तरी मी वस्सकन अंगावर जायचे. आणि त्या एकोणीस दिवसांत शाळा रोज आठलाच भरत होती आणि पोरं रोज तीच धूळ घेत होती, हे मला ठाऊक होतं. माझ्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

विसाव्या दिवशी नणंदेचा फोन आला, भलत्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या त्या ओतारीकाकांचं बघवत नाही गं. नातीला सोडायला आधी रोज फाटकात यायचे. तिचं दप्तर त्यांच्या खांद्यावर, आणि ही पुढे उड्या मारत. आता रस्ता ओलांडतच नाहीत. पलीकडे उभे राहतात आणि तिथूनच हात हलवतात. पोरगी रोज विचारते, आजोबा इकडे का येत नाहीत. सून सांगत होती, ते घरीसुद्धा झोपत नाहीत, बंद भट्टीत अंथरूण टाकलंय. म्हणतात, माझ्या अंगाला धूळ आहे. दिवसातून तीनदा अंघोळ करतात आणि तरी पोरीला जवळ घेत नाहीत."

मी फोन ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौसष्ट हा आकडा मॉडेलचा होता, पण "तुमच्याच नातीच्या छातीत तुमचीच धूळ" हे वाक्य कुठल्याही कम्प्युटरनं दिलं नव्हतं. ते माझं होतं, खास हॉलसाठी बनवलेलं.

त्याच दुपारी साहेबांच्या खोलीत गेले आणि दोन्ही नकाशे टेबलावर ठेवले. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"ट्रेनिंग होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "मग हळूच दुरुस्ती घालू."

खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. इतकी मी खालच्या पातळीला गेले होते. मग मात्र मी तिथेच उभ्याउभ्या हाताने लिहून दिलं, चूक माझी, अमुक तारखेला लक्षात आली, अमुक दिवस दडवली. 'दडवली' या शब्दावर साहेब म्हणाले, "अहो, हे कशाला?" मी म्हटलं, राहू द्या.

"पण बाई, आदेश असा मागे घेता येत नाही," साहेब म्हणाले. "आधी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी, मग नोटीस, मग पुन्हा सुनावणी. तीन महिने तरी धरा. कारखान्याला नोटीसही त्यानंतरच." यात साहेबांचं काही चुकलं नाही. नियम तसाच आहे, आणि तो बनवायच्या समितीत मीही होते.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर गेले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. दार उघडंच होतं. आत भट्टी झाडून पुसून ठेवलेली, साचे भिंतीशी ओळीनं लावलेले, आणि एका कोपऱ्यात सतरंजी. काका दाराशी बसून एक जुनी तोटी घासत होते. मला पाहून उठले आणि बसायला लाकडी खोकं पुढे केलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"काका, वारा तुम्ही म्हणालात तसाच आहे," मी म्हणाले. "माझ्या घड्याळात घोळ झाला होता. दुपारचा वारा मी सकाळी दाखवला. धूळ वरच्या कारखान्याची आहे. चूक माझी. आणि तुम्हाला तसं बोलले, तीही माझीच."

त्यांनी हातातली तोटी खाली ठेवली. मग म्हणाले, "सकाळी वरनं खाली."

"हो."

"सुनावणीनंतर मी पाच दिवस पाहिलं," ते म्हणाले. "इथे सकाळी ओलं गोणपाट पेटवायचो आणि धूर बघायचो. पाचही दिवस नदीकडे गेला."

"मग आला का नाहीत सांगायला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. अजूनही, त्या घडीलासुद्धा, मी त्यांच्यावरच चढले.

"पुन्हा हसले असते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आणि बाई, मलाच वाटायला लागलं की माझे डोळे गेले. तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत. मी म्हटलं, आपल्यालाच दिसतं तेवढं खरं कसं असेल? पोरीला दम तर लागतोच ना. मग कुणाचं तरी असणारच."

मला रडू आलं, मी आवरलं. रडायचा हक्क माझा नव्हता तिथे.

"माझं अजिबातच नाही?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. "शंभरातले तीन होते," मी म्हणाले. "भट्टी चालू होती तेव्हा. आता तेही नाहीत. आणि काका, तुमच्या अंगाला, कपड्याला काही नाही. धूळ हवेतून जाते, तुमच्या हातातून नाही. पोरीला जवळ घ्या. आजच घ्या."

"तीन," ते म्हणाले आणि मान हलवली. "कागद आणलाय?"

मी माझा सुधारलेला अहवाल पुढे केला. त्यांनी पानं उलटून पाहिली. वाचत नव्हते, शेवटच्या पानावर काहीतरी शोधत होते.

"शिक्का नाही."

"शिक्का सुनावणीनंतर बसेल. तीन महिने लागतील. पण मी सही करते ना. माझ्या हातानं लिहून देते, हवं ते लिहून देते."

"बाई, त्या दिवशीही तुम्हीच सांगितलं होतं, आणि खातरीनं सांगितलं होतं," ते म्हणाले. फार हळू बोलले, मला लागू नये म्हणून. "माझं जाऊ द्या हो. पण पोरीच्या छातीचा सवाल आहे. शिक्क्यानं बंद झालंय, शिक्क्यानंच उघडू दे. तोवर थांबतो मी. सवय झाली आहे."

मी पुष्कळ समजावलं. हात जोडले. ते मला पाणी देत राहिले.

घरी जाऊन नणंदेला सगळं सांगितलं, एकोणीस दिवसांसकट. ती मला बरंच काही बोलेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी ये शाळेत. तू बोलून होणार नाही, पोरीलाच नेऊ त्यांच्याकडे." तिने मुलीच्या आईला फोन केला. आई म्हणाली, "मी हजारदा सांगितलं हो मामंजींना. न्या, खुशाल न्या."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी फाटकाशी उभी होते. टेकडीवरून वारा येत होता, गार, अगदी ते म्हणाले होते तसा. पलीकडच्या कडेला काका आले. त्यांनी हात वर केला. नणंदेनं मुलीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा."

रस्ता अरुंद आहे, दहा-बारा पावलांचा. मुलगी माझा हात ओढत जवळजवळ पळतच होती. आम्हाला येताना पाहून काकांचा हात खाली आला. ते एक पाऊल मागे सरले. मग अजून एक. मागे भिंत होती, तिला पाठ लागली तसे त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तोंड बाजूला वळवून श्वास रोखून धरला.

"आजोबा," मुलगी म्हणाली आणि थांबली. तीही घाबरली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. श्वास धरलेला होता म्हणून बोलता येईना, नुसती मान वर करून विचारलं, आला का शिक्का?

मी म्हणाले, "नाही."

मग त्या पोरीला परत फिरवून मीच तिला रस्त्याच्या अलीकडे घेऊन आले.